पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर दम टाकत असेल, तर आधी डिझेलमधील पाणी काढा

पेरणीचा पाऊस जवळ आला आहे. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरलेले, बांधावरच उभे राहिलेले ट्रॅक्टर मी दर हंगामात याच दिवसांत पाहत आलो आहे. उन्हाळाभर अर्ध्या टाकीवर उभा असलेला ट्रॅक्टर बाहेर काढला जातो, पहिला अर्धा तास तो नीट चालतो, मग औजार जमिनीत उतरले की लोड घेईनासा होतो, आचके देतो आणि एकदा बंद झाला की पुन्हा चालू होत नाही. अशा वेळी पंप गेला, नोझल गेले, इंजिन उतरवावे लागेल, अशी निदाने फार लवकर ऐकू येतात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की, डिझेल फिल्टरखालची वाटी उघडून तिच्यात काय साचले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणत्याही मोठ्या दुरुस्तीला होकार देऊ नये.

एक लिटर डिझेल साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरते आणि तेवढेच पाणी १००० ग्रॅम भरते. त्यामुळे टाकीत आलेले पाणी तळाशी बसते आणि तेथेच राहते. हे पाणी येते कोठून, असे अनेक शेतकरी विचारतात, कारण त्यांनी भरताना फक्त डिझेलच भरलेले असते. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते आणि रात्री थंड होते. तिच्यातील हवेतला ओलावा पत्र्यावर दव होऊन उतरतो, आणि उभ्या ट्रॅक्टरमध्ये हे रोज घडत राहते. उघड्यावर ठेवलेला ड्रम, झाकण नसलेला कॅन आणि टाकीच्या झाकणाचे चिरलेले रबर यांतून उरलेले पाणी येते. टाकीतून डिझेल ओढणारी नळी तळापासून थोडी वर असते, म्हणून सपाट जमिनीवर काही दिवस काहीच जाणवत नाही. मात्र उतारावर किंवा ढेकळांत ट्रॅक्टर हेलकावू लागला की तळाचे पाणी ढवळून नळीत शिरते. ट्रॅक्टर रस्त्यावर ठीक चालतो आणि शेतात गेला की बंद पडतो, ही तक्रार ऐकली की माझा पहिला संशय पाण्यावरच जातो आणि तो सहसा खोटा ठरत नाही.

डिझेल पंपातील प्लंजर (आत-बाहेर होणारा दांडा) आणि त्याचे बॅरल (तो ज्यात सरकतो ते नळकांडे) यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाचीच, फट असते आणि त्या फटीला वंगण म्हणून डिझेलच काम करते. पाण्याला तो गुण नाही. पाणी आत राहिलेला ट्रॅक्टर काही आठवडे उभा राहिला तर त्या भागांवर गंज चढतो आणि मग पंप खरोखरच जातो. याशिवाय पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळसर, बुळबुळीत गाळ फिल्टरचा कागद चोंदून टाकतो. नवा फिल्टर थोड्याच तासांत पुन्हा बंद झाला, तर फिल्टरला दोष न देता टाकी रिकामी करून धुवावी. जैवडिझेल मिसळलेले इंधन ओलावा अधिक धरते, म्हणून ते महिनोन्‌महिने साठवू नये.

ट्रॅक्टर चालूच होत नसेल तेव्हा सेल्फ इंजिनाला जोराने फिरवतो आहे की नाही, हे प्रथम पाहावे. सेल्फ नुसता टक् टक् करत असेल किंवा इंजिन रेंगाळत फिरत असेल, तर तो प्रश्न विजेचा आहे. रात्रभर विसावलेल्या पूर्ण चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसला पाहिजे, सेल्फ मारताना तो ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटरने साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट द्यावेत. नवी बॅटरी घेण्याआधी दोन्ही टर्मिनल काढून घासावीत आणि चेसिसला जोडलेल्या अर्थच्या वायरीचा बोल्ट सोडून, त्याखालचा रंग व गंज खरवडून पुन्हा आवळावा. हा बोल्ट वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. क्लच दाबलेला आणि पीटीओ (औजाराला फिरती ताकद देणारा मागचा दांडा) सुटलेला नसेल तर काही ट्रॅक्टरांत सेफ्टी स्विच सेल्फला वीजच जाऊ देत नाही. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक-दोन मिनिटे थांबावे, अन्यथा डिझेलच्या दोषापायी सेल्फही जळतो.

सेल्फ जोरात फिरतो आहे आणि तरी इंजिन पेटत नाही, अशा वेळी एका माणसाने सायलेन्सरकडे पाहत उभे राहावे. धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेलेच नाही. बंद करण्याची केबल ओढलेली राहिली आहे का, किंवा डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉईडला (विजेवर चालणाऱ्या झडपेला) वीज मिळते का, हे पाहून मग इंधनाच्या वाटेकडे वळावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण जळत नाही, आणि पाणी मिसळलेले डिझेल हे त्याचेही एक कारण असते. थंड इंजिन, मंद फिरणारा सेल्फ आणि घटलेले कॉम्प्रेशन ही इतर कारणे आहेत. काम करताना ताकद उतरून काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे, म्हणून एअर फिल्टर काढून पाहावा. ताकद उतरली आहे आणि धूर मात्र वाढलेला नाही, असे असेल तर डिझेल अपुरे पोचते आहे, असे मी धरून चालतो.

इंधनाची वाट टाकीच्या झाकणापासून सुरू होते. झाकणाचे बारीक छिद्र धुळीने बुजले की डिझेल ओढले जाईल तसा टाकीत निर्वात तयार होतो, ट्रॅक्टर अर्ध्या-पाऊण तासाने दम टाकतो, थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा चालू होतो आणि पुन्हा तितक्याच वेळाने थांबतो. असा ठराविक वेळ दिसला तर झाकण सैल करून पाहावे. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर छिद्र साफ करणे एवढीच दुरुस्ती आहे. त्यानंतर टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी तपासावी. या भागात पंप डिझेल ओढत असतो, म्हणून चिरलेल्या नळीतून डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून सर्व कोरडे दिसते आणि ट्रॅक्टर मात्र रोज सकाळी हवा धरतो, म्हणजे नळीतल्या हवेमुळे डिझेल अडते. क्लिपा, रबरी नळी आणि बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर ही माझ्या पाहण्यातली नेहमीची ठिकाणे आहेत. दबलेला जुना वॉशर पुन्हा वापरू नये.

फिल्टर किती तासांनी बदलायचा हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. मॉडेलनुसार ते २५० किंवा ५०० तास असे आढळते. ते पाळावेच, पण वाटीत पाणी किंवा काळा गाळ दिसला तर तासांचा हिशेब बाजूला ठेवून फिल्टर लगेच बदलावा. जुना कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसवू नये. फिल्टर बदलल्यावर इंधनाच्या वाटेत शिरलेली हवा काढण्याचा क्रम असा आहे :

– टाकी भरलेली व कॉक उघडा असावा.
– फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हाताचा प्रायमर दाबावा आणि स्क्रू आवळावा.
– पंपावरच्या स्क्रूवर हेच करावे.
– तरीही पेटत नसेल तर नोझलच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल दिसताच आवळावेत.

यातील शेवटची कृती फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनासाठी आहे. कॉमन रेल इंजिनात (सर्व नोझलांना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात) १००० बारच्याही वर दाब असतो, त्याच्या नळ्या कधीही सैल करू नयेत. नोझलमधून सुटलेला फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, कारण उशिराने बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.

हंगामाच्या घाईत विक्रेते डिझेलमध्ये ओतण्याच्या बाटल्या पुढे करतात. पाणी ‘विरघळवणारी’ बाटली तळाच्या पाण्याला डिझेलमध्ये मिसळून थेट पंपाकडे पाठवू शकते, म्हणून मी ती कोणालाही सुचवत नाही; साचलेले पाणी खालच्या स्क्रूतून काढणे फुकट आहे आणि तेच खात्रीचे आहे. चालू करण्याचा ईथरचा फवारा हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात मारल्यास स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. नोझल किंवा पंप बदलण्यास सांगितले, तर ते आधी टेस्ट बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) लावून दाखवण्याचा आग्रह धरावा आणि काढलेला जुना भाग परत मागावा. स्वच्छ डिझेल पोचते आहे, हवा निघाली आहे, एअर फिल्टर साफ आहे आणि तरीही ताकद येत नाही, अशी खात्री झाल्यावरच कॉम्प्रेशन, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) यांसाठी मिस्त्रीला बोलवावे.

नेहमीची कामे :

– एअर फिल्टर आतून बाहेर, २ बारपेक्षा कमी दाबाच्या हवेने साफ करणे.
– इंजिन ऑईल, पाणी आणि पट्ट्याचा ताण पाहणे.
– बॅटरीतील पाण्याची पातळी डिस्टिल्ड वॉटरने राखणे.

ड्रम छताखाली, आडवा आणि तोटीची बाजू किंचित उंच राहील असा ठेवावा, म्हणजे पाणी मागच्या टोकाला साचते. डिझेलसाठी जस्त लावलेली भांडी वापरू नयेत, कारण जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन फिल्टर चोंदतो. भरलेला ड्रम एक दिवस निवळू द्यावा आणि तळाचे डिझेल ट्रॅक्टरमध्ये ओतू नये.

पाऊस सुरू होण्याची वाट न पाहता आज संध्याकाळी काम संपताच टाकी गच्च भरून ठेवावी. उद्या सकाळी ट्रॅक्टर जागचा हलवण्याआधी टाकीचा आणि वाटीचा खालचा स्क्रू सोडून पाव लिटर डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे व दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर दिसला किंवा डिझेल गढूळ राहिले, तर बरणीतून पलीकडचे स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा काढावे, आणि तोपर्यंत सेल्फ मारू नये.