गॅस बरेच दिवस नसेल तेव्हा शेजारच्या एकट्या आज्जींचं कसं बघावं

सिलिंडर लांबला की आपण कोपऱ्यावरून इडली आणून दिवस ढकलतो. पलीकडच्या आज्जी तसं करत नाहीत. "जेवलात काय आज्जी?" "हो की!" हे उत्तर ठरलेलं. म्हणून विचारू नका, ओट्याकडे बघा. आमच्या वडगावच्या गल्लीत तिसऱ्या दिवशी बघितलं तर चहाचं पातेलं कोरडं आणि डब्यात बिस्किटांचा चुरा. त्यांचं जेवण ते एवढंच.

१. आधी शेगडीची बटणं बंद करा. पाइपचा गॅस असेल तर मेन कॉकसुद्धा. पुरवठा तुटला की ज्योत विझते, बटण मात्र उघडंच राहतं. मध्यरात्री गॅस परत आला की तो घरात भरतो. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद.

२. गोळ्यांची वेळ लिहून घ्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बोलण्यात घोळ दिसला तर ३ चमचे साखर पाण्यात कालवून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. डबा गोळीच्या वेळेला पोचला पाहिजे, तुमच्या सवडीने नव्हे.

३. बुकिंग कुणाच्या मोबाईलवर आहे ते विचारा. बहुतेक वेळा मुलगा पुण्यात आणि ओटीपी त्याच्याकडे. गाडी दारात उभी आणि नंबर मिळत नाही, असं होतं. मुलाला आधीच सांगून ठेवा.

४. इंडक्शन द्यायची असेल तर सोळा अँपियरच्या सॉकेटलाच लावा. जुन्या घरातला लहान सॉकेट २००० वॅट सोसत नाही. अॅल्युमिनियमचं पातेलं त्यावर चालत नाही, आणि आज्जींना पेसमेकर असेल तर दोन फूट लांब राहू द्या. खरं खानापूरकडे पावसात लाईटच टिकत नाही, तेव्हा इंडक्शनच्या भरवशावर राहू नका.

कोळशाची शेगडी घरात, दार लावून, कधीच नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. चूल किंवा बंब परसातच पेटवा; दम्याच्या माणसाला तिकडे बसवू नका.

५. जळण वाचवायला भात गोधडीत शिजवा. तांदूळ अर्धा तास भिजवा, झाकण लावून दहा मिनिटं खळखळ उकळा, मग पातेलं जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळून तासभर ठेवा. उघडल्यावर वाफ तोंडावर येते. लगेच वाढा. दात नसतील तर मऊ भिजवलेले पोहे, दही, शेंगदाण्याचं बारीक कूट. चुरमुरे मात्र त्यांना चावणार नाहीत.

६. डबा घरटी वाटून घ्या: सकाळ एकाची, रात्र दुसऱ्याची. रिकामा डबा परत येताना त्यात लिंबं किंवा लोणचं आलं तर मुकाट्याने घ्या. नाही घेतलंत तर उद्याचा डबा त्या घेणार नाहीत.

७. गॅस आला की साबणाचा फेस नळीला आणि जोडाला लावून बघा, काडी पेटवून नव्हे. बुडबुडे आले किंवा वास आला तर दिव्या-पंख्याचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा, आज्जींना बाहेर आणा आणि १९०६ ला कळवा. फेस तसाच राहिला तर पहिला चहा त्यांच्याच ओट्यावर टाका.