अटारी एसटीचा माऊस अमिगा ५०० ला जोडताना

माझ्या अमिगा ५०० या जुन्या घरगुती संगणकाचा मूळ माऊस निकामी झाल्यावर मी अटारी एसटी या त्याच काळातल्या दुसऱ्या संगणकाचा माऊस लावून पाहिला. दोन्हींचे नऊ पिनांचे प्लग सारखेच असल्यामुळे तो सहज बसला आणि बटणेही चालली, परंतु पडद्यावरील बाण जागच्या जागी थरथरत राहिला.

प्रत्येक दिशेची हालचाल दोन विद्युत स्पंदनांच्या जोडीतून मोजली जाते. अटारीत आडव्या दिशेची जोडी १ व २ या पिनांवर आणि उभ्या दिशेची ३ व ४ वर असते. अमिगाला मात्र उभी १ व ३ वर, तर आडवी २ व ४ वर हवी असते. म्हणजे केवळ १ आणि ४ यांची अदलाबदल पुरेशी ठरते, कारण डावे बटण (६), पाच व्होल्ट (७), ग्राउंड (८) आणि उजवे बटण (९) दोन्हीकडे एकाच जागी आहेत.

माऊसची मूळ वायर कापणे मला पटले नाही, म्हणून जॉयस्टिकची एक्स्टेन्शन केबल मधोमध कापून त्या दोन तारा उलटसुलट सोल्डर केल्या आणि बाकीच्या सरळ जोडल्या. तारांच्या रंगांवर विसंबू नये. प्लगच्या प्लास्टिकवर कोरलेले बारीक आकडे भिंगातून वाचून प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासावी. संगणक बंद करूनच प्लग लावला, तेव्हा बाण अगदी नीट सरकू लागला.