पाराशातून रोजच्या व्यवहाराकडे : नव्याने वाचू लागणाऱ्यांसाठी

दर शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, जो भाग वाचला जातो ती त्या आठवड्याची पाराशा. अशा 54 पाराशांमध्ये पाचही पुस्तकं वर्षभरात वाचून होतात, आणि सिम्हात तोरा या सणाला शेवट वाचला की त्याच दिवशी पुन्हा उत्पत्तीची पहिली ओळ सुरू होते. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांतल्या पुष्कळ मुलामुलींना हिब्रू अक्षरं वाचता येतात, प्रार्थना पाठ असतात, पण आज हजानने (प्रार्थना चालवणाऱ्याने) काय वाचलं हे विचारलं तर सांगता येत नाही. मग नोकरी लागते, संसार सुरू होतो, घरातलं कोणी जातं, आणि वाटू लागतं की यात माझ्यासाठी काय आहे ते एकदा नीट बघावं. मी ठाण्यात राहते, हिशेबाचं काम करते आणि एका मैत्रिणीबरोबर बरीच वर्षं पाराशा वाचत आले आहे. अशी सुरुवात करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

सर्वांत आधी एक सांगते, कारण नवीन माणूस नेमका उलट्या टोकाने सुरुवात करतो. तो जलप्रलयात, दुभंगलेल्या समुद्रात, सीनायच्या गडगडाटात बोध शोधतो. त्या कथा थोर आहेत, पण सोमवारी सकाळी कामावर जाताना उपयोगी पडेल असं जे मला मिळालं, ते बहुतेक वेळा लोक जिथे पानं उलटतात तिथे मिळालं. नियमांच्या याद्यांत, मापांत, हिशेबांत.

निर्गमची शेवटची पाराशा पेकुदे घ्या. निवासमंडप, म्हणजे रानातल्या प्रवासातला देवाचा तंबू, बांधून होत आलाय आणि तोरा चक्क जमाखर्च मांडते. सोनं 29 किक्कार 730 शेकेल, चांदी 100 किक्कार 1775 शेकेल (ही त्या काळची वजनं). पुढे चांदी कुठे गेली तेही येतं : 100 किक्कार तळाच्या बैठकांना, प्रत्येक बैठकीला एक, आणि उरलेले 1775 शेकेल खांबांच्या आकड्यांना (हुकांना) आणि मढवण्याला. मोशेकडे हिशेब मागितला कोणी? मजकुरात कोणीच मागत नाही. मिद्राश, म्हणजे तोरावरच्या रब्बींच्या जुन्या कथा आणि खुलासे, सांगतो की लोक त्याच्या पाठीमागे कुजबुजत होते, एवढं सोनं हाताखालून गेल्यावर माणूस श्रीमंत होणारच, आणि ते ऐकून त्याने पै न पै मांडली. ज्याला खुद्द देव ‘माझ्या सगळ्या घरात विश्वासू’ म्हणतो, तो माणूस खांबांच्या हुकांपर्यंतचा हिशेब देतो! आमच्या सोसायटीची खजिनदार झाले तेव्हापासून मी दर महिन्याचा खर्च कोणी विचारण्याआधी फलकावर लावते, जिन्यातल्या दिव्यांसकट. त्यामुळे सभेत वाद होत नाहीत असं नाही, पण पैशांवरून होत नाहीत.

दुसरं उदाहरण की तेत्से या पाराशातलं. एकट्या या पाराशात 74 आज्ञा मोजल्या जातात, म्हणून ती वाचताना दमछाक होते. पण काय काय आहे तिच्यात! गच्चीला कठडा बांध, नाहीतर कोणी पडला तर त्याचं रक्त तुझ्या घरावर. सापडलेली वस्तू मालकाला परत कर. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे. शेवटाकडे येते ती आज्ञा मला सगळ्यांत जवळची : थैलीत दोन वजनं ठेवू नकोस, एक जड आणि एक हलकं, घरात दोन मापं ठेवू नकोस, एक मोठं आणि एक लहान.

इथे थांबून नीट बघा. खोट्या मापाने माल देऊ नकोस एवढ्यावर हे थांबत नाही. ते माप घरात असायलाच मनाई आहे. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, बावा बात्रा या भागात, हे टोकाला नेलं आहे : कमी किंवा जास्त भरणारं माप घरात लघवीचं भांडं म्हणूनसुद्धा ठेवायचं नाही. कारण उघड आहे. आज ते भांडं कोपऱ्यात पडलंय, उद्या दुकानात गर्दी असताना कोणाच्या तरी हाताला तेच लागेल. आपले पूर्वज कोकणात घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. रोज मापाने तेल घालणाऱ्या घरांना ही आज्ञा किती थेट लागू होती याचा विचार केला की मला या ओळी फार आपल्या वाटतात. आणि आमच्या पेशात तर दोन मापांना दोन वह्या म्हणतात. मी नवशिक्यांना सांगते की खोट्या नोंदी करणार नाही असा निश्चय पुरत नाही. ‘तात्पुरती’ म्हणून ठेवलेली दुसरी फाइल आजच काढून टाका.

लेवीयमधली मेत्सोरा तर बहुतेकजण टाळतात. अंगावरचे डाग, भिंतींवरचे डाग, शुद्धीकरणाचे विधी. पण घराच्या भिंतीवर डाग दिसला तर काय करायचं ते वाचा. मालकाने कोहेनकडे (पुरोहिताकडे) जाऊन म्हणायचं, ‘घरात मला डागासारखं काहीतरी दिसतंय.’ मिश्ना, म्हणजे तालमूदचा जुना गाभा, सांगते की तो स्वतः विद्वान असला, डाग नक्की ओळखत असला, तरी त्याने एवढंच म्हणायचं. निकाल देणं त्याचं काम नाही, पाहिलेलं सांगणं त्याचं काम. मग कोहेन तपासायला यायच्या आधी घर रिकामं करायला सांगायचं, म्हणजे आतलं सामान अशुद्ध ठरणार नाही. मिश्नात रब्बी मेईर विचारतात, एवढी काळजी नेमकी कशाची? लाकडी, कापडी, धातूच्या वस्तू तर पाण्यात बुडवून शुद्ध होतात. उरतात फक्त मातीची भांडी, कुपी, सुरई. म्हणजे गरिबाच्या घरातली मडकी फुटू नयेत म्हणून तोरा तपासणीची वेळ पुढे ढकलते. ज्यांच्या हातात तपासणी आहे, मग ते हिशेब तपासनीस असोत, शिक्षक असोत की डॉक्टर, त्यांनी हे दोन मुद्दे वर्षातून एकदा तरी वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

आता वाचायचं कसं. शब्बाथला प्रत्येक पाराशा सात जणांना बोलावून सात भागांत वाचतात, तेव्हा रविवारपासून रोज एक भाग घ्या, शनिवारी आपोआप पूर्ण होते. तालमूदचा जुना दंडक मूळ मजकूर दोनदा आणि अनुवाद एकदा असा आहे. परंपरेत तो अनुवाद ओंकेलोस या जुन्या अनुवादकाचा, अरामी भाषेतला. माझ्या हाताशी शेजारी मराठी पवित्र शास्त्र (बायबल) असतं. अध्यायांचे आकडे काही ठिकाणी एकाने सरकतात हे लक्षात ठेवा. निर्गम 22 मध्ये गहाण घेतलेला सदरा सूर्यास्ताआधी परत करण्याची आज्ञा हिब्रूत 25व्या ओळीपासून आहे आणि मराठीत 26व्या.

मग राशी. 11व्या शतकातला फ्रान्समधल्या त्र्वाचा हा भाष्यकार एका ओळीत खुलासा करून पुढे जातो आणि नवख्याला कळत नाही की हे त्याने का सांगितलं. नेहामा लाइबोविट्झ या शिक्षिकेने यावर सोपा उपाय दिला : राशीला इथे काय खटकलं ते विचारा. त्यांनी 1942 पासून जवळजवळ तीस वर्षं दर आठवड्याच्या पाराशावर प्रश्नपत्रिका काढल्या आणि पोस्टाने आलेली उत्तरं स्वतः तपासून परत पाठवली. त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच, की बोध शोधण्याआधी प्रश्न शोधायचा. खटकलेली एक गोष्ट वहीत लिहा. बुधवारपर्यंत ती डोक्यात राहू द्या.

घाईने काढलेला बोध अर्धवट असतो. मिकेत्स या पाराशात योसेफ फारोला सुचवतो की सुगीच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवा, आणि लगेच कोणीतरी म्हणतं, बघा, पगाराचे वीस टक्के बाजूला टाका. सल्ला वाईट नाही. पण पुढची पाराशा वायिगाश वाचा. त्याच धान्याच्या बदल्यात लोकांची गुरं जातात, मग जमिनी जातात, शेवटी ते फारोचे दास होतात. साठवणूक कोणाच्या हातात आहे हा प्रश्न पहिल्या आठवड्यात दिसतच नाही. म्हणून एका पाराशावर मत पक्कं करायचं नाही.

आणि आठवड्याला एकच कृती ठरवा, लहान आणि दिसेल अशी. मजुरीची आज्ञा वाचली त्या आठवड्यात मी घरकामाच्या मावशींचा पगार एक तारखेला सकाळीच द्यायचा असं ठरवलं, त्यांनी मागायच्या आत. ते अजून चालू आहे. काही आठवडे, विशेषतः बलिदानांच्या अध्यायांत, कृती सुचत नाही. तेव्हा जबरदस्तीने काढू नका, प्रश्न तेवढा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तीच पाराशा परत येणार आहे.

जोडीने वाचा. समोरचा माणूस ‘हे कुठे लिहिलंय?’ असं विचारणारा असावा, मान डोलावणारा नको. माझी मैत्रीण आता इस्राएलमध्ये अश्दोदला असते, आम्ही गुरुवारी रात्री फोनवर वाचतो. अशी परदेशातली जोडी असेल तर एक ध्यानात ठेवा : वल्हांडण हा सण आपल्याकडे आठ दिवसांचा आणि इस्राएलमध्ये सात दिवसांचा, त्यामुळे आठवा दिवस शब्बाथला आला की त्यांची पाराशा आपल्या एक आठवडा पुढे जाते आणि कित्येक आठवडे तशीच राहते. त्या वर्षी कोणाच्या पंचांगाने वाचायचं ते आधी ठरवून घ्या. आणि सुरुवात करायला सिम्हात तोराची वाट बघू नका, या शब्बाथची पाराशा कोणती ते बघून तिच्यापासूनच लागा.