दूरच्या वर्कस्टेशनवरची एक्स विंडो कुठे अडते, हे कसे शोधावे

एक्स विंडो प्रणालीमुळे दूरच्या वर्कस्टेशनवर चालणारा प्रोग्रॅम आपल्या पडद्यावर वापरता येतो. परंतु तो रेंगाळू लागला की दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाला किंवा इंटरनेटच्या वेगाला दिला जातो. यांपैकी काहीही बदलण्याआधी अडचण मोजून पाहावी.

१९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या आणि १९८७ पासून अकराव्या आवृत्तीवर स्थिरावलेल्या या प्रणालीत ‘सर्व्हर’ म्हणजे आपल्यासमोरचा पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारा प्रोग्रॅम, तर दूरच्या बलाढ्य यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम हा ‘क्लायंट’. नवख्यांना हे हमखास उलटे वाटते. रेखाटण्याचे काम सर्व्हरकडे असल्यामुळे दूरच्या यंत्रातले महागडे कार्ड साध्या एक्स जोडणीत स्वस्थ बसून राहते.

प्रथम दूरच्या यंत्राला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून, त्याच्या जाण्या-येण्याचा वेळ लिहून ठेवावा. पुण्यातून अमेरिकेतल्या यंत्राशी काम करणाऱ्यांना तो सहसा २०० मिलिसेकंदांच्या पुढेच दिसेल. मग ज्या एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याची सोय) जोडणीतून एरवी प्रोग्रॅम चालवतो, तिच्यातूनच एक्स११पर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या दोन चाचण्या घ्याव्यात: एक काहीच न करणाऱ्या विनंतीची (नूप) आणि दुसरी माउसची जागा विचारणारी (पॉइंटर). पहिलीला उत्तर लागत नाही, म्हणून अशा असंख्य विनंत्या एकत्र बांधून पाठवता येतात. दुसरीत मात्र प्रत्येक वेळी उत्तराची वाट पाहावी लागते. २०० मिलिसेकंदांच्या जोडणीवर सेकंदाला पाचांहून अधिक उत्तरे येऊच शकत नाहीत. प्रत्येक कागदासाठी तहसील कचेरीत वेगळा हेलपाटा घालावा, तसा हा प्रकार आहे. सुरू होताना ३०० हेलपाटे घालणारा प्रोग्रॅम उघडायला एक मिनिट घेईल, आणि जाडजूड जोडणी घेऊनही त्यातला एक सेकंद वाचणार नाही.

प्रोग्रॅम आपलाच असेल, तर ॲटमची (नावांऐवजी सर्व्हर देतो त्या क्रमांकांची) सगळी नावे एकाच हेलपाट्यात मागावीत, जागोजागी पेरलेले एक्ससिंक (सर्व्हरचे काम संपेपर्यंत थांबवणारी आज्ञा) काढून टाकावेत आणि एक्ससीबी ही एक्सची लायब्ररी वापरून विनंत्या आधी पाठवून उत्तरे नंतर गोळा करावीत. तो दुसऱ्याचा असेल, तर एक्सप्रा किंवा व्हीएनसी ही दूरचा पडदा दाखवणारी साधने वापरावीत, कारण त्यांत सर्व्हर प्रोग्रॅमशेजारीच राहतो, हेलपाटे त्या यंत्रातच संपतात आणि जाळ्यावरून तयार चित्र तेवढे येते.

हेलपाटे कमी असूनही चित्र अडखळत असेल, तर प्रश्न बाइटांचा आहे. १९२० × १०८० बिंदूंचा पडदा, प्रत्येक बिंदूला ४ बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. १०० मेगाबिटच्या जाळ्यावर अशी सेकंदाला जेमतेम दीड चित्रे जातात आणि गिगाबिटवर पंधरा. एकाच यंत्रावर सामायिक मेमरीमुळे ही ने-आण वाचते. जाळ्यावर ती सोय नाही. रेषा, चौकोन आणि अक्षरे यांच्या आज्ञा पाठवणारे जुने प्रोग्रॅम म्हणूनच चपळ वाटतात, तर स्वतःच्या मेमरीत पूर्ण चित्र रंगवून मग ते सर्व्हरकडे ढकलणारे नवे प्रोग्रॅम जड होतात. एसएसएचमधील संकोचन (कॉम्प्रेशन) संथ जोडणीवर, सपाट रंगांच्या खिडक्यांसाठी उपयोगी पडते. छायाचित्रांना ते फारसे लागू पडत नाही, आणि वेगवान जाळ्यावर तर प्रोसेसरच मागे पडू शकतो.

त्रिमितीय कामाची तऱ्हा निराळी आहे. ओपनजीएलच्या (त्रिमितीय चित्रे काढण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) आज्ञा जाळ्यावरून आपल्या सर्व्हरकडे पाठवण्याची जुनी सोय एक्स.ऑर्ग या प्रचलित एक्स सर्व्हरच्या १.१७ या आवृत्तीपासून (२०१५) मुळात बंद ठेवलेली असते. ती चालू करण्याचा मोह टाळावा, कारण आधुनिक ओपनजीएलचा मोठा भाग तिथे चालतच नाही. दूरच्या यंत्रावर जीएलएक्सइन्फो हा ओपनजीएलची माहिती देणारा प्रोग्रॅम चालवून ‘रेंडरर’ची, म्हणजे चित्र कोण काढते ते सांगणारी, ओळ वाचावी. तिथे एलएलव्हीएमपाइप (कार्डाविना चित्र काढणारे सॉफ्टवेअर) दिसले, तर त्या यंत्राचा प्रोसेसर एकटा राबतो आहे आणि प्रत्येक चित्र वरच्याच हिशेबाने जाळ्यावरून येते आहे. अशा वेळी व्हर्च्युअलजीएल बसवावे: ते दूरच्या कार्डावर चित्र काढून घेते आणि टर्बोव्हीएनसी या व्हीएनसीच्या वेगवान प्रकाराच्या जोडीने ते संकोचित करून पाठवता येते. बसवल्यावर जीएलएक्सइन्फो व्हर्च्युअलजीएलमार्फत पुन्हा चालवावे आणि त्या ओळीत खऱ्या कार्डाचे नाव आल्याशिवाय पुढे जाऊ नये.