गावी किमती वस्तू पाठवताय? आधी विम्याचं बघा

मुंबईत नोकरी लागली की तिसऱ्या-चौथ्या पगारापासून गावचे फोन सुरू होतात. धाकट्याला मोबाईल हवा असतो, काकांचं घड्याळ दुरुस्तीला आलेलं असतं ते परत पाठवायचं असतं, कुणाला लग्नासाठी काहीतरी खास मुंबईतूनच हवं असतं. रजा मिळत नाही. मग उरतं पार्सल.

मी कणकवली तालुक्यातला, 1998 पासून भांडुपला. आलो तेव्हा गावकीच्या खोलीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोलीत राहायचो. तिथले गिरणीतले म्हातारे सांगायचे, पैसे मनीऑर्डरने आणि वस्तू गाववाल्याच्या पिशवीतून. शिमग्याला नाहीतर गणपतीला कोण जातोय ते बघायचं आणि त्याच्या हाती सोपवायचं. विमा म्हणजे त्या माणसाचा शब्द. सोन्याच्या बाबतीत माझं आजही तेच मत आहे, पण त्यावर पुढे येतो.

आधी आमच्या पेटीची गोष्ट. 2006 साली आम्ही मुंबईकरांनी वर्गणी काढून वाडीच्या भजनी मंडळासाठी हार्मोनियम घेतली. साडेनऊ हजारांची. गणपतीच्या पंधरा दिवस आधी मी ती एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नेली. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ‘व्हॅल्यू किती लिहू?’ सोबतच्या मित्राने कोपर मारलं. कमी सांग, नाहीतर भाडं वाढवेल. मी म्हटलं, लिहा एक हजार. शंभरेक रुपये वाचले असतील.

चार दिवसांनी मंडळाच्या भजनीबुवांचा फोन. ‘भातो फाटलो रे!’ भाता फाटला होता, चार पट्ट्या आत बसल्या होत्या. त्यात बुवांनी खोका उघडायच्या आधीच ‘माल सुस्थितीत मिळाला’ याखाली झोकात सही ठोकली होती. मी तीन महिने हेलपाटे घातले, तेव्हा कुठे हजार रुपये हाती आले. त्या माणसाने पावती पुढे सरकवून बोट ठेवलं, ‘किंमत तुम्हीच लिहिलीत ना?’ बोलायला जागाच नव्हती. त्या वर्षी शेजारच्या वाडीची पेटी मागून भजनाची बारी केली. ते अजून ऐकवतात.

पार्सलची पावती हातात आली की नव्या माणसाला वाटतं, झालं, आता जबाबदारी त्यांची. जबाबदारी त्यांची असते, पण किती रुपयांची ते त्याच पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. खाजगी कुरिअरच्या पावतीवर हा आकडा अनेकदा 100 रुपये इतकाच असतो. कोर्ट हे मानणार नाही असं समजू नका. एका निटवेअर कंपनीने 1990 मध्ये जर्मनीला कुरिअरने पाठवलेली कागदपत्रं पोचलीच नाहीत आणि त्यांचं मोठं नुकसान झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1996 मध्ये निकाल लागला की पावतीवर सही आहे, त्यात 100 डॉलरची मर्यादा लिहिलेली आहे, तेवढेच मिळतील.

म्हणून कुरिअरच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारा: हे ‘ओनर्स रिस्क’वर जातंय की ‘कॅरिअर्स रिस्क’वर? ओनर्स रिस्क म्हणजे जोखीम तुमची. कॅरिअर्स रिस्क म्हणजे जोखीम नेणाऱ्याची, त्यात वस्तूच्या किमतीवर शेकडा हिशोबाने जादा आकार लागतो आणि त्यासाठी बिल दाखवावं लागतं. हा आकार भरल्याची नोंद पावतीवर दिसली पाहिजे. ‘इन्शुरन्स आहे हो साहेब, काळजी करू नका’ हे तोंडी वाक्य मी किमान तीन दुकानांत ऐकलंय. त्याला काडीचा अर्थ नाही.

पोस्टाचं गणित वेगळं. 2025 मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे जुन्या लोकांचं ‘रजिस्टरने पाठव’ हे आता तसंच्या तसं चालत नाही. विमा न उतरवलेलं स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातली जी रक्कम कमी ती मिळते. अठरा हजारांचा मोबाईल तुम्ही 90 रुपये भरून पाठवलात, तर मिळणार 180. विमा हवा हे खिडकीवर आपण होऊन सांगावं लागतं, तिथे कुणी विचारत नाही. मोठ्या रकमेचा विमा असेल तर मी स्वतः सीएसएमटीजवळच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात जातो. विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर बांधलेली ती 1913 सालची इमारत आहे, एकदा बघूनही होते. छोट्या ऑफिसात अशी पार्सलं रोज येत नाहीत, बिचारा कारकून नियम शोधत बसतो आणि मागची रांग तुमच्या नावाने शंख करते. गावाकडे शाखा डाकघर असेल तर विम्याचं पार्सल तिथे मिळेल की तालुक्याच्या पोस्टात जाऊन घ्यावं लागेल, हेही आधीच विचारून ठेवा.

ट्रान्सपोर्टने पाठवलं तर 2007 चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा लागतो. त्याखालच्या नियमांप्रमाणे जास्त किंमत सांगून जास्त दर भरलेला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही तुम्ही लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. रेल्वेत किंमत जाहीर केली नसेल तर पार्सलला किलोमागे 50 रुपये. बारा किलोची पेटी धरली तर 600. सगळीकडे वजन आणि भाडं मोजतात, वस्तू काय आहे ते कोणी मोजत नाही. ते तुम्ही लिहून आणि पैसे भरून मोजायला लावायचं.

रात्रीच्या लक्झरी बसच्या ड्रायव्हरकडे शंभर-दोनशे देऊन दिलेल्या डब्याबद्दल काय बोलू? मीही देतो. पण लाडू आणि चादरी, बस्स. पावती नाही, विमा नाही. झवेरी बाजारातले आंगडिये, म्हणजे व्यापाऱ्यांचा माल पोचवणारे, लाखोंचा माल विश्वासावर नेतात असं तुमच्या कानावर येईल. खरं आहे. पण तो विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यापाराचा असतो, तुमच्या-माझ्या ओळखीने तो मिळत नाही.

किंमत लिहिताना खरी लिहा. कमी लिहिली तर आमच्या पेटीसारखं होतं. जास्त लिहून फायदा नाही, कारण विमा झालेल्या नुकसानीएवढंच देतो, तुम्ही फक्त हप्ता जादा भरता. जुन्या वस्तूला बिल नसतं, तिथे दुकानदाराकडून किमतीचा कागद घ्या. मोबाईल-लॅपटॉपचा अनुक्रमांक लिहून ठेवा आणि त्यात बॅटरी आहे हे सांगा. लपवून ठेवलेली वस्तू भरपाईच्या वेळी तुमच्यावरच उलटते. साडीच्या घडीत नथ सरकवून ‘कपडे’ लिहिणारे महाभाग आमच्याच चाळीत आहेत. नथ गेली तर मिळेल साडीचं.

पॅकिंग नीट नव्हतं हे विमा नाकारण्याचं सगळ्यात सोपं कारण असतं. वस्तू खोक्यात हलता कामा नये. खोका कानाशी धरून हलवा, आवाज आला तर पुन्हा भरा. वस्तूचा, भरताना आतला आणि बंद केल्यावर बाहेरचा असे फोटो काढा. शेवटचा फोटो वजनकाट्यावर, आकडा दिसेल असा. वाटेत कोणी खोका फोडला तर पहिली शंका वजनातल्या फरकावरूनच येते.

आणि घेणाऱ्याला पढवून ठेवा, हे मी बुवांमुळे शिकलो. टेप फाटलेली, खोका चेपलेला दिसला तर आणणाऱ्यासमोरच उघडायचं, व्हिडिओ काढायचा. उघडू देत नसेल तर सही करताना ‘खोका फुटलेला, आतील वस्तू न तपासता घेतले’ असा शेरा मारायचा. म्हाताऱ्या माणसांना पोस्टमनसमोर असं करायला संकोच वाटतो. त्यांना सांगा, मुंबईच्या मुलाने सांगितलंय म्हणून करतो असं बोला.

मूळ कागदपत्रं, म्हणजे सातबाऱ्याचे जुने उतारे, खरेदीखत, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, यांचा विमा काढून समाधान मानू नका. पैसे मिळाले तरी कागद परत बनवायला तहसीलपासून बोर्डापर्यंत फिरावं लागतं. ते हातानेच न्या. सोन्याचंही तेच. बरेचसे कुरिअर सोनं घेतच नाहीत, आणि पोस्टात दागिने विम्याशिवाय पाठवणं नियमातच बसत नाही. मी बायकोच्या पाटल्या नेल्या त्या कोकणकन्या एक्स्प्रेसने, पोटाशी बांधून, रात्रभर जागून.

नुकसान झालंच तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा, फोनवर बोलून थांबू नका. ट्रान्सपोर्टवाल्याला बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत नोटीस द्यावी लागते, रेल्वेला सहा महिन्यांत. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. वकीलही लागतोच असं नाही. मात्र पावती लागते, फोटो लागतात, बिल लागतं. माझ्याकडे 2006 साली यातली एकच गोष्ट होती, आणि तिच्यावर एक हजार लिहिलेलं होतं.