कोकणात जुनी इलेक्ट्रॉनिक तालवाद्यं शोधायची कशी, दुरुस्त करायची कशी, वाजवायची कशी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य शोधायचं असेल तर पहिली चौकशी वाद्यांच्या दुकानात करू नका. बेंजो पार्टीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे करा. गणपतीच्या मिरवणुका, हळदी, शिमगा, लग्नातले ऑर्केस्ट्रा यांत बेंजोच्या जोडीला ऑक्टापॅड, म्हणजे काठीने वाजवायचं आठ पॅडांचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वर्षानुवर्षं वाजला. नवं मॉडेल आलं की जुना पॅड माळ्यावर गेला आणि बहुतेकदा तिथेच राहिला.

काय शोधायचं ते आधी ओळखा

ताल आपोआप वाजवणारी यंत्रं, म्हणजे ड्रम मशीन, पॅडच्या आधीची. अमेरिकेत वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये साइडमन नावाचं यंत्र काढलं. त्यात मोटरवर फिरणाऱ्या तबकडीने ताल धरला जाई आणि आवाज व्हॉल्व्हमधून, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांमधून, निघे. जपानमध्ये एस टोन कंपनीचं ऱ्हिदम एस १९६७ च्या सुमारास आलं. त्या कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनीच पुढे १९७२ मध्ये रोलँड सुरू केली. रोलँडचं सीआर-७८ आलं १९७८ मध्ये आणि टीआर-८०८ आलं १९८० मध्ये. ८०८ ची निर्मिती १९८३ मध्ये थांबली, तोवर सुमारे १२,००० यंत्रं बनली होती.

काठीने वाजवायच्या पॅडांची परंपरा वेगळी आहे. १९७६ च्या सुमारास सिंड्रम नावाचा इलेक्ट्रॉनिक ड्रम आला. १९८१ मध्ये इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा एसडीएस-५ आला, षटकोनी आणि कडक प्लास्टिकच्या पॅडांचा. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड, पॅड-८, हा १९८५ चा. त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. तो फक्त मिडी संदेश (कुठला स्वर किंवा ठोका किती जोरात, हे एका वाद्याने दुसऱ्याला सांगायची डिजिटल भाषा) पाठवायचा आणि आवाज दुसऱ्या यंत्रातून निघायचा. आपल्याकडे घराघरांत ओळखीचा झाला तो १९९८ चा एसपीडी-२०. त्याच्या पोटात ७०० आवाज होते.

कोकणात ८०८ सापडेल या आशेवर राहू नका. इथे सापडतात ते ऑक्टापॅड, यामाहाचे छोटे डिजिटल ड्रम, कॅसिओचे कीबोर्ड, ताल असलेले जुने इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणि बंगळुरूच्या रॅडेलची तालमाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तबला. माझ्या मते या यादीत कमीपणाचं काही नाही. आपल्या भागात प्रत्यक्ष वाजलेलं वाद्य परक्या संग्रहातल्या दुर्मिळ वाद्याइतकंच मोलाचं आहे, आणि त्याची माहिती अजून कुणी नीट लिहून ठेवलेली नाही.

कुणाला विचारायचं

मंडपवाले आणि साऊंडवाले यांची गोदामं बघा. आखातात नोकरी करून आलेल्यांच्या घरी कीबोर्ड असतात. गोव्यातल्या लग्नाच्या बँडवाल्यांकडे जुनी ड्रम मशीन निघू शकतात. मुंबईतला चोरबाजार आहेच, पण तिथे यंत्राचा इतिहास मिळत नाही.

गावात गेलात की थेट किमतीवर येऊ नका. 'काका, तुमचो जुनो पॅड अजून घराकडे आसा?' असं विचारलं की पॅडाआधी त्याच्या आठवणी बाहेर येतात. त्या लिहून घ्या: कुठल्या पार्टीत वाजला, कुठून आणला, कुठला आवाज कुठल्या गाण्याला लावायचे. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी असतात. मुंबईच्या पार्ट्यांत वाजवणारे तेव्हाच एका ठिकाणी भेटतात, म्हणून चौकशीचा हंगाम तोच.

वीज जोडण्याआधी

माळ्यावरून काढलेला पॅड लगेच चालू करण्याचा मोह आवरा. कोकणातल्या हवेत मीठ आहे आणि चार महिने ओल आहे. पेटीच्या आत उंदराने कुरतडलेल्या तारा, मुंग्यांची माती, पालीची अंडी काहीही असू शकतं. आधी यंत्र कोरड्या खोलीत काही दिवस ठेवा. मग प्लग काढलेला आहे याची खात्री करून मागचं झाकण उघडा आणि मऊ ब्रशने झाडा. थेट विजेवर चालणारं यंत्र असेल तर आतल्या मोठ्या कपॅसिटरना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यांत भार राहतो. ते काम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाचं.

मग यंत्रामागची व्होल्टेज लिहिलेली पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. ते आपल्या २३० व्होल्टला लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो. त्याला २३० चे १०० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. ॲडॉप्टरवर चालणाऱ्यांत दुसरा धोका आहे. रोलँड-बॉसच्या बऱ्याच छोट्या यंत्रांना पिनच्या मध्यभागी ऋण असलेला ९ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो, तर यामाहाच्या अनेक यंत्रांना मध्यभागी धन असलेला १२ व्होल्टचा. पिन दोन्हीकडे बसते, म्हणून बसली याचा अर्थ चालेल असा होत नाही. यंत्रावरची खूण आणि ॲडॉप्टरवरची खूण जुळली पाहिजे.

सेल घालायचा कप्पा उघडून बघा. पांढरा-हिरवट थर दिसला तर सेल गळलेत. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो थर काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आधी रेकॉर्डिंग, मग दुरुस्ती

यंत्र चालू झालं की सगळ्यात आधी त्याचे आवाज एकेक करून रेकॉर्ड करा. दुरुस्ती नंतर. घूं असा आवाज येत असेल, एखादा पॅड मंद वाजत असेल, तरीही. दुरुस्तीत काय बिघडेल सांगता येत नाही.

फॅक्टरी रीसेट तर अजिबात घाईने करू नका. एसपीडी-२० सारख्या पॅडमध्ये वादकाने स्वतः लावलेले आवाजांचे संच साठवलेले असतात. कुठल्या पॅडवर ढोलकीची थाप, कुठे झांज, कुठे टाळी, हे त्या माणसाचं वादन आहे आणि एका रीसेटमध्ये ते पुसलं जातं. प्रत्येक संच वाजवून रेकॉर्ड करा, वहीत लिहा. यंत्रात बल्क डंपची, म्हणजे साठवलेलं सगळं एकदम बाहेर पाठवायची, सोय असेल तर मिडीवरून लॅपटॉपवरही घ्या. अनेक यंत्रांत ही आठवण ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर टिकते. ती बदलण्याआधी हे काम झालेलं असायला हवं.

पॅड दुरुस्त करताना

अनेक जुन्या पॅडांखाली पिझोची चकती असते, पितळी तबकडी आणि मधे पांढरं सिरॅमिक. ठोका बसला की ती क्षणभर वीज निर्माण करते. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून चकतीवर बोटाने टकटक करा. आकडा उडाला तर चकती जिवंत आहे, दोष वायरीत किंवा सोल्डरमध्ये शोधा. आकडा हललाच नाही तर त्याच मापाची नवी चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. सिरॅमिकवर सोल्डर मारताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवा, उष्णतेने चकती मरते.

एका पॅडवर मारलं की शेजारचाही वाजतो, हा रोग खाऱ्या दमट हवेत फार दिसतो. बहुतेकदा आतला फोम कडक झालेला किंवा भुगा झालेला असतो. तो बदला. बटणं दाबूनही ऐकत नसतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा, नाहीतर चार पायांचे छोटे टॅक्ट स्विच बदला. सतत घुमणारा आवाज हा बऱ्याचदा सुकलेल्या कपॅसिटरांचा असतो.

पावसाळ्यात यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि अधूनमधून काढून तासभर चालू करा.

आता वाजवा

पॅड-८ सारखा बिनआवाजी पॅड हातात आला तर नशीब समजा. यूएसबी-मिडी केबलने तो लॅपटॉपला जोडा आणि त्याच्या प्रत्येक पॅडला आपल्या गावचा आवाज द्या: नमनाचा मृदंग, जाखडीची ढोलकी, घुंगरू, पालखीपुढचा ढोल. वादकाची परवानगी घेऊन फोनवर एकेक ठोका वेगळा रेकॉर्ड केला तरी पुरतो. जनरल मिडीत, म्हणजे आवाजांच्या ठरलेल्या क्रमांकांच्या यादीत, ३६ क्रमांक बेस ड्रमचा, ३८ स्नेअरचा, ४२ बंद हायहॅटचा. त्या जागी मृदंग बसवला की चाळीस वर्षांचा जपानी पॅड गुहागरचा होतो.

एक सावधगिरी. १९८३ मध्ये मिडी येण्याआधीच्या टीआर-८०८, टीआर-६०६ यांच्या मागे पाच पिनांचं तसंच भोक दिसतं. ते मिडी नाही, डिन सिंक आहे, म्हणजे दोन यंत्रांची लय जुळवायची जुनी सोय. मिडीची केबल बसेल, पण बोलणं होणार नाही. मधे रूपांतर करणारी पेटी लागते.

सोळा पायऱ्यांचं, म्हणजे ठेका सोळा समान भागांत मांडायचं, ड्रम मशीन मिळालं, किंवा त्याची फोनवरची नक्कल, तर त्यातले तयार ठेके सोडा आणि केरवा बसवा. एका मात्रेला दोन पायऱ्या. बोल: धा गे ना ती, न के धि ना. डग्ग्याच्या जागी बेस ड्रम १, ३ आणि १३ या पायऱ्यांवर. चाटीच्या, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या ठोक्याच्या, जागी वरचा काँगा किंवा टॉम १, ५, ७, ९, १३, १५ वर. ११ व्या पायरीवरच्या 'के'ला रिमशॉट, म्हणजे ड्रमच्या काठावरचा ठोका. ॲक्सेंट, म्हणजे जोर, फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. बेस ड्रमचा डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) थोडा वाढवला की डग्ग्याची घूम जवळ येते.

बऱ्याच यंत्रांत शेवटची पायरी ठरवता येते. ती १२ वर आणली की दादरा, १४ वर आणली की रूपक. रूपक नक्की करून बघा: ती ती ना, धी ना, धी ना. यात बेस ड्रम फक्त ७ आणि ११ व्या पायरीवर येतो, समेवर येतच नाही. पहिल्या मात्रेवर दणका देण्यासाठी बनवलेलं यंत्र समेला खाली, म्हणजे डग्ग्याविना, ठेवून वाजायला लागलं की ते अगदी नवीन वाद्य वाटतं. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ च्या तालावर राग वाजवले, तेव्हा ही वाट आपल्याच माणसाने दाखवलेली आहे.

इलेक्ट्रॉनिक तबला मिळाला तर त्याची पट्टी अगदी खाली आणा, लय अगदी संथ करा आणि आवाज गिटारच्या डिले पेडलमधून, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेटीतून, सोडा. ठेका विरघळून नुसती घूम उरते, तिच्यावर हाताने पॅड वाजवा.

आणि यंत्र भजनाला घेऊन बसणार असाल तर लयीचा प्रश्न आधी सोडवा. गजर चढत जातो, यंत्र चढत नाही. टेम्पोच्या बटणावर एक वेगळा माणूस बसवा. त्याने बुवांच्या तोंडाकडे आणि झांजेकडे बघत बटण केसाकेसाने पुढे सरकवायचं. पखवाजवाल्याशी एकदा घरी बसून तालीम करा, म्हणजे गजराच्या शेवटी यंत्र कुठल्या मात्रेवर बंद करायचं तेही ठरून जाईल.