नव्या पाळकांनो, या चुका टाळा

चर्चच्या मंडळीच्या कमिटीत बरीच वर्षं काढली की पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, येताना आणि जाताना बघायची सवय होते. माणसं वेगळी, चुका त्याच. एकदाच्या लिहून काढतो.

सगळ्यात वाईट चूक प्रार्थनेच्या नावाखाली होते. कोणी पडवीत बसून मन मोकळं करतं आणि रविवारी तेच मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत ऐकू येतं. आमच्याच किनाऱ्यावरच्या एका मंडळीतली गोष्ट. एका बाईंची लेक नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. आईने ते फक्त पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. पुढच्या रविवारी साहेबांनी डोळे मिटून, गहिवरून, “आमच्या एका बहिणीच्या लेकीचा मोडलेला संसार” देवापुढे ठेवला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय, वाडीत ख्रिस्ती घरं मोजून बारा-पंधरा! आशीर्वाद होऊन लोक बाहेर पडतात तोवर मुंबईहून फोन सुरू. लेक त्यानंतर उपासनेला आली नाही. आई यायची, पण शेवटचं गीत सुरू झालं की मागच्या दाराने निघून जायची. साहेबांचं म्हणणं बदली होईपर्यंत एकच, “मी नाव कुठे घेतलं?” कॅथलिक धर्मगुरूने पापनिवेदनातलं गुपित उघड फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. आपल्याकडे तेवढी कडक शिक्षा नाही, म्हणून जीभ सैल सोडायची का?

यावर माझा नियम असा: त्या घरातून उठण्याआधी विचारायचं, “हे सभेत मांडू, की आपल्यातच ठेवू?” समोरचा घुटमळला की उत्तर ‘नाही’ समजायचं. डायरीत तपशील लिहायचे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दवाखान्यातला फोटो तर अजिबात टाकायचा नाही, त्याखाली कितीही हात जोडलेले असोत.

अर्पणाची थैली एकट्याने घरी नेऊ नका. बायबलमध्ये बघा, प्रेषित पौलाने यरुशलेमेसाठी मदत पाठवताना त्याचा सहकारी तीत याच्या सोबतीला मंडळ्यांनी निवडलेला भाऊही होता. पौलाने कारणही दिलंय, पैशांवरून कोणी बोट ठेवू नये म्हणून; करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय काढून बघा. दोघांनी चर्चमध्येच मोजायचं, वहीत सह्या करायच्या, मग चहा.

आणखी एक चूक घाईची, आणि या बाबतीत माझा संयम संपलाय. साहेब सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या शिक्षणाच्या शाळेतून, ताजे येतात, पहिल्याच महिन्यात जुनी गीतं बंद, कीबोर्ड सुरू, बाकांची दिशा बदललेली. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली इथे कोकणात, बाणकोटला आले. म्हणजे या किनाऱ्यावर सुवार्ता साहेबांच्या आधी पोहोचलेली आहे, एवढं तरी ध्यानात ठेवावं. एकाने तर लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे असं सांगून तरुणांना पुन्हा बाप्तिस्मा द्यायला खाडीवर नेलं. १९७० साली नागपुरात वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हाच बालकांचा आणि जाणतेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य झालेत. हे न वाचता आलेल्या उत्साहापायी घराघरांत आजोबा-नातवांचं बोलणं बंद झालं. पौलाइतका फिरता माणूससुद्धा करिंथात दीड वर्ष राहिला, इफिसात तीन. पहिलं वर्ष फक्त घरं फिरा. काही बदलू नका, गेटचा रंगसुद्धा नाही.

घरं फिरायची तीही वेळ बघून. होडीवाल्यांकडे ऑक्टोबरात भरदुपारी जायचं आणि “घरी कोणी नसतं” म्हणून कमिटीत तक्रार करायची, असे महाभाग पाहिलेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पुरुषमाणसं तेव्हा घरी सापडतात. छत्री घ्या आणि निघा.

याच्याच पाठीला पाठ लावून चाकरमान्यांची चूक येते. मे महिन्यात मुंबईकर आले की चर्च भरतं, वर्गणी जमते, आणि साहेब त्या भरात छपरापासून सगळे ठराव करून मोकळे होतात. जूनमध्ये गळकं छप्पर इथल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर. मेमध्ये ऐकून घ्या. ठराव पावसात करा, इथे राहणाऱ्यांसमोर.

कोणावर राग असेल तर संदेशातून टोमणे नकोत. मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय अठरा: आधी एकट्याने त्याच्या घरी जाऊन बोला.

यूट्यूबवरून उचललेला संदेश आम्हाला कळतो. आम्हीही तेच बघतो.

आजाऱ्याला तेल लावा, प्रार्थना करा, पण “गोळ्या बंद करा” म्हणालात तर मी बिशपसाहेबांना पत्र लिहीन.

बदली झाली की खरंच जा. जुन्या मंडळीतून लग्नाचं, मयताचं बोलावणं येईल, गोड वाटेल. पहिलं वर्षभर उत्तर एकच द्या: “तुमच्या आत्ताच्या पाळकांना विचारा. त्यांनी बोलावलं तर येतो.”